तत्त्वज्ञान, नीतिशास्त्र किंवा धर्म-अभ्यासात पीएचडी करायचीय? विषय राहू द्या, आधी एक वाक्य शोधा

"ताई, एखादा चांगला विषय सुचवा ना." एमएचा रिझल्ट लागला की हे फोन सुरू होतात. मी नागपुरातच तत्त्वज्ञानात एमए केलं, इथूनच पीएचडी केली, आता एका कॉलेजात शिकवते, त्यामुळे पोरं-पोरी मला विचारतात आणि त्यांनी विचारावं असं मला मनापासून वाटतं. पण विषय मात्र मी सुचवत नाही. मी दिलेला विषय शेवटपर्यंत माझाच राहतो, घेणाऱ्याचा होत नाही, आणि तिसऱ्या वर्षी थकवा आला की त्याला धरून ठेवायला हाताशी काहीच नसतं. फोनवर तुकड्या-तुकड्यांत जे सांगते ते सगळं इथं एकत्र लिहून ठेवते आहे. लांब आहे, सावकाश वाचा.

आधी कुठल्या दारातून आत जायचं ते बघा

तत्त्वज्ञान, नीतिशास्त्र आणि धर्म-अभ्यास ही तीन नावं लोक एकाच दमात घेतात पण तिघांचं काम वेगळं आहे. एकच जागा घ्या, आपली दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी भदंत चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण-पंचशील घेतलं, मग स्वतः समोरच्या लाखो लोकांना दीक्षा दिली आणि २२ प्रतिज्ञा दिल्या. आता ही प्रतिज्ञा म्हणण्याची पद्धत १९५६ पासून आजपर्यंत घराघरांत, विहारांत, लग्नांत कशी बदलत गेली, कोण म्हणतं, कधी म्हणतं, हे विचारलं की तो धर्म-अभ्यास झाला. आईवडिलांनी घेतलेली प्रतिज्ञा त्यांच्या मुलांवर बंधनकारक आहे का, हा नीतिशास्त्राचा प्रश्न. आणि 'मी अमुक मानणार नाही' अशी प्रतिज्ञा मुळात घेता येते का, मानणं-न मानणं आपल्या हातात असतं का, हा शुद्ध तत्त्वज्ञानाचा.

पहिल्या प्रश्नाला तुम्हाला वस्त्यांमध्ये फिरावं लागेल, लोकांशी बोलावं लागेल, जुन्या पत्रिका आणि फोटो जमवावे लागतील. तिसऱ्याला टेबलाशी बसून युक्तिवाद तपासावे लागतील. दुसऱ्यात दोन्ही थोडं-थोडं. स्वतःला विचारा की कुठल्या कामात तुमचे चार तास कसे गेले ते कळत नाही. ज्याला माणसांत रमायला आवडतं त्यानं नुसत्या तर्कशास्त्राचा प्रबंध घेतला की दोन वर्षांत तो सुकून जातो, मी बघितलंय.

आणखी एक. धर्म-अभ्यास म्हणजे धर्मशिक्षण नाही. तुम्ही श्रद्धाळू असा नाहीतर नास्तिक असा, दोघांनाही प्रवेश आहे, फक्त तुमची श्रद्धा किंवा अश्रद्धा पुरावा म्हणून चालत नाही.

कुठं नाव नोंदवायचं हे पण याच्यावरच ठरतं. आपल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात, १९२३ चं विद्यापीठ आहे हे, तत्त्वज्ञान वेगळं, पाली-प्राकृत वेगळं आणि आंबेडकर विचारधारा विभाग वेगळा. मूळ संस्कृत ग्रंथावर काम असेल तर रामटेकचं कवी कुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ आहे. गांधी-विनोबांवर काम करणाऱ्याला सेवाग्राम आणि पवनार तासा-दीड तासावर, महानुभावांवर करणाऱ्याला अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर. पुण्या-मुंबईला गेल्याशिवाय संशोधन होत नाही हा समज डोक्यातून काढा. तत्त्वज्ञ सुरेंद्र बारलिंगे नागपुरातलेच, आणि दि. य. देशपांड्यांनी 'आजचा सुधारक' हे मासिक १९९० मध्ये इथूनच सुरू केला.

विषय आणि प्रश्न

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, बाकी सगळं नियमांत लिहिलेलं असतं, हे कुठंच लिहिलेलं नसतं.

'गांधींची अहिंसा : एक चिकित्सक अभ्यास' हा विषय आहे. 'ग्रामगीतेतील नीतिविचार' हा पण विषय. यात प्रश्न नाही, म्हणून यावर कोणी नाही म्हणू शकत नाही, आणि ज्याला कोणी नाही म्हणू शकत नाही त्यात संशोधन काय करणार? मग होतं असं की पहिलं प्रकरण जीवनचरित्र, दुसरं कालखंड, तिसऱ्यात विचारांचा सारांश, चौथ्यात आणखी सारांश आणि शेवटी 'आजच्या काळातील प्रासंगिकता'. माझा पहिला आराखडा अगदी असाच होता. समितीनं तो एका ओळीचा शेरा मारून परत केला, कारण काय ते कोणी समजावलं नाही, आणि मी आठ दिवस रडत होते. शेरा बरोबर होता हे मला वर्षभरानं कळलं, तेव्हाच कोणी अर्धा तास बसून सांगितलं असतं तर ते वर्ष वाचलं असतं. तो अर्धा तास मी आता तुम्हाला देते आहे.

विषय शोधू नका. एक वाक्य शोधा. खरंखुरं, छापलेलं किंवा लोक बोलतात असं, जे वाचून तुम्ही थबकता. ते ग्रंथातलं असेल, अभंगातलं असेल, कोर्टाच्या निकालातलं असेल, आजीच्या तोंडचं असेल. मग त्या वाक्याला नखानं खरवडायला लागा.

इंदोऱ्याकडची एक मुलगी माझ्याकडे आली होती, 'बाबासाहेबांचं धर्मांतर' असं म्हणत. मी म्हटलं विषय नको, वाक्य आण. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे जे स्टॉल लागतात, जिथं लोक जेवणाआधी पुस्तकं घेतात, तिथून तिनं बावीस प्रतिज्ञांची पातळशी पुस्तिका आणली आणि पहिल्याच प्रतिज्ञेवर बोट ठेवलं. त्या प्रतिज्ञेचे दोन भाग आहेत. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, हा एक. त्यांची उपासना करणार नाही, हा दुसरा. ती म्हणाली, "ताई, दुसरं समजतं. उपासना करायची की नाही ते माझ्या हातात आहे. पण मानायचं की नाही हे मी ठरवून कसं करणार?"

झालं की. इथं प्रश्न उभा राहिला. दारू पिणार नाही ही प्रतिज्ञा पाळली की मोडली ते बाहेरच्याला पण दिसतं. पण मनातल्या समजुतीची प्रतिज्ञा? मला आत्ता कोणी लाख रुपये दिले तरी फुटाळा तलावात पाणी नाही असं मी मनातून समजू शकत नाही, तोंडानं म्हणेन फक्त. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्सनी हाच मुद्दा मांडला आहे की एखादी गोष्ट खरी समजणं हे इच्छेच्या हुकमावर चालत नाही. मग प्रतिज्ञेचा पहिला भाग पोकळ ठरतो का?

आता थांबायचं आणि शब्दाकडे बघायचं. 'मानणे'. इंग्रजी पाठात या जागी 'फेथ' असा शब्द दिसतो आणि इंग्रजीतून वाचणारा लगेच श्रद्धेच्या चर्चेत शिरतो. पण आपण मराठीत 'मानणे' कसं वापरतो? "मी त्याला भाऊ मानते." इथं तो माझा सख्खा भाऊ आहे अशी माझी समजूत झालेली नाही, मी त्याला ती जागा दिली आहे. मानलेली बहीण, मानलेला मुलगा. "आम्ही खंडोबाला मानतो" म्हणताना घरातला माणूस खंडोबाच्या अस्तित्वाचा पुरावा देत नसतो, घराचं त्या देवाशी नातं काय ते सांगत असतो. 'मानणे' म्हणजे बऱ्याचदा जागा देणं, अधिकार मान्य करणं. आणि जागा देणं किंवा काढून घेणं हे तर हातात असतं! मग प्रतिज्ञेचा पहिला भाग पोकळ नाही, उलट त्यात मोठी कृती आहे, पिढ्यान्-पिढ्या दिलेली जागा काढून घेण्याची.

बघा, हा दावा झाला. यावर समोरचा म्हणू शकतो की नाही, 'मानणे' मध्ये समजूत पण येतेच, "मी हे खरं मानतो" असंही आपण म्हणतोच की. म्हणजे वाद आहे, म्हणजे संशोधन आहे. एल. जोनाथन कोहेन यांनी १९९२ च्या पुस्तकात समजूत आणि स्वीकार यांच्यात फरक केलाय, समजूत आपोआप होते, स्वीकार आपण करतो, तो इथं कामाला येतो पण जशाच्या तसा बसत नाही, आणि तो कुठं बसत नाही हे दाखवणं हे तुमचं स्वतःचं काम. बाजूला पंचशीलाचं पाली वाक्य ठेवा, 'पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि', म्हणजे जीवहिंसेपासून दूर राहण्याचं शील मी घेतो. समादियामि, म्हणजे मी स्वीकारतो, घेतो. वर्तमानकाळ, प्रथम पुरुष. म्हणता-म्हणताच घेणं होऊन जातं. आणि बावीस प्रतिज्ञांतली पहिली भविष्यकाळात, 'मानणार नाही'. या फरकाचं काय? एका क्रियापदानं अख्खं प्रकरण दिलं.

तुमचं वाक्य वेगळं असेल. मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात नातेवाईक डॉक्टरला म्हणतात, "त्यांना सांगू नका हो कॅन्सर आहे," या एका वाक्यात संमती, सत्य आणि माया यांचा केवढा प्रश्न आहे. ताजबागेत हिंदू बाई चादर चढवून म्हणते, "देव एकच आहे ना," या वाक्यात 'एकच' चा अर्थ काय? वाक्य मिळालं की एका कोऱ्या कागदावर तीन ओळी लिहा: मी काय म्हणते, कोण याला नाही म्हणेल, आणि तो चुकला असेल तर कुठं. तिसरी ओळ लिहिता आली नाही तर आणखी महिनाभर वाचा, फॉर्म भरायची घाई करू नका.

वाचायचं कसं

पहिले सहा महिने फार पसरू नका. रोज एकच लेख, पण असा की दुसऱ्या दिवशी पुस्तक न उघडता सांगता आला पाहिजे. मी पाठकोऱ्या कागदांवर लिहायची. वर लेखकाचा दावा एका वाक्यात, त्याखाली कारणं आकडे टाकून, मग 'कुठं खटकतं', आणि तळाशी 'माझ्या वाक्याला याचा काय उपयोग'. एका लेखाला एकच पान.

उदाहरण देते. क्लिफर्डचा १८७७ चा निबंध आहे, पुराव्याशिवाय समजूत बाळगण्याच्या नीतीवर. त्यातली जहाजमालकाची गोष्ट प्रसिद्ध आहे. जहाज जुनं झालेलं, शंका येत होती, पण त्यानं स्वतःला समजावलं की इतके प्रवास सुखरूप झाले, हाही होईल, आणि माणसं भरून पाठवलं. जहाज बुडालं. बरेच विद्यार्थी टिपणात लिहितात, 'क्लिफर्डच्या मते पुराव्याशिवाय विश्वास ठेवू नये.' हे टिपण कामाचं नाही. खरा जोर पुढं आहे, तो म्हणतो की जहाज सुखरूप पोचलं असतं तरी मालक तितकाच दोषी. म्हणजे दोष परिणामात नाही, ती समजूत त्यानं कशी मिळवली त्यात आहे. हे टिपलं की लगेच 'कुठं खटकतं' सुचतं: मग समजूत ही आपल्या हातातली गोष्ट आहे असं क्लिफर्ड धरून चाललाय का? आणि मग विल्यम जेम्सचं १८९६ चं उत्तर वाचायला घ्या, पुरावा निकाल देऊ शकत नाही आणि निवड टाळताही येत नाही अशा ठिकाणी मानण्याचा हक्क आहे असं तो म्हणतो. असं एकातून दुसरं वाचन निघालं पाहिजे, यादी करून वाचलं की डोक्यात काही राहत नाही.

आपल्या परंपरेत यासाठी फार सुंदर शिस्त आहे, पूर्वपक्ष. विरोधकाचं म्हणणं आधी इतकं नीट मांडायचं की त्यानं स्वतः ऐकलं तर म्हणेल, हो, मला हेच म्हणायचं होतं. नंतर उत्तरपक्ष. तुमच्या प्रत्येक प्रकरणात निदान एक पूर्वपक्ष असा हवा ज्यानं तुमची झोप उडवली होती. ज्या प्रबंधात विरोधक मूर्ख दिसतात तो प्रबंध कच्चा.

साहित्य कुठं मिळेल? स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञान विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे आणि फार विश्वासाचा आहे, सुरुवात तिथून करा. फिलपेपर्सवर कुठल्या प्रश्नावर कोणी काय लिहिलंय ते सापडतं. शोधगंगेवर देशभरातले जुने प्रबंध आहेत, तुमच्या वाक्याच्या आसपास कोणी काम केलंय का ते तिथं पहिल्याच आठवड्यात बघा. मराठीत पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाचं 'परामर्श', वाईचं 'नवभारत' आणि 'आजचा सुधारक' यांचे जुने अंक चाळा, आपल्या भाषेत किती गंभीर वाद झालेत ते बघून अभिमान वाटतो. बाबासाहेबांचे खंड महाराष्ट्र शासनानं काढलेत, शासकीय ग्रंथागारात चौकशी करा, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं इंग्रजी मूळ अकराव्या खंडात आहे. अमळनेरचं तत्त्वज्ञान केंद्र १९१६ चं, प्रताप शेठजींनी काढलेलं, जुनं काही शोधायचं असेल तर तिथंही विचारा.

भाषा मात्र शिका. बौद्ध विषय असेल तर पालीचं निदान एक वर्षाचं शिक्षण घ्याच, भाषांतरावर उभा केलेला युक्तिवाद एका शब्दानं कोसळतो, वर 'मानणे'चं बघितलंत ना.

प्रवेश, गाईड आणि नियम

हे पटापट सांगते. युजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) सध्याचे पीएचडी नियम ७ नोव्हेंबर २०२२ चे. एमएला ५५ टक्के लागतात, एससी, एसटी, ओबीसी (नॉन-क्रीमी लेयर), दिव्यांग, ईडब्ल्यूएस यांना ५ टक्के सूट. चार वर्षांची पदवी असेल तर ७५ टक्क्यांवर थेट पीएचडीला पण जाता येतं. कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६, पुनर्नोंदणीनं आणखी २, महिलांना आणि ४० टक्क्यांवर दिव्यांगत्व असणाऱ्यांना त्यावर आणखी २. कोर्सवर्क १२ ते १६ क्रेडिटचं. नोकरी करत पार्ट-टाइम चालतं, ऑफिसचं ना-हरकत पत्र लागतं. एमफिल आता नाही.

नेट, म्हणजे युजीसीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, वर्षातून दोनदा होते, जून आणि डिसेंबर. पहिला पेपर ५० प्रश्न, दुसरा १००, मिळून तीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. तत्त्वज्ञानाचा सब्जेक्ट कोड ०३. २०२४ पासून निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफ (म्हणजे संशोधनासाठीची ज्युनियर फेलोशिप), असिस्टंट प्रोफेसर सोबत पीएचडी प्रवेश, आणि फक्त पीएचडी प्रवेश. शेवटच्या दोन गटांत प्रवेशाच्या वेळी नेटच्या मार्कांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन, आणि तो स्कोअर एकच वर्ष चालतो. ज्या विद्यापीठात जायचं तिथली त्या वर्षीची सूचना स्वतः वाचा, व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेल्या तारखेवर विसंबू नका.

गाईडबद्दल थोडं जास्त बोलते. प्रोफेसरकडे ८, असोसिएटकडे ६ आणि असिस्टंटकडे ४ च विद्यार्थी असू शकतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलेल्यांना नवीन विद्यार्थी घेता येत नाही, तेव्हा जागा आहे का हे आधी विचारा, यात संकोच कसला. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे भेटायला जाताना हात हलवत जाऊ नका. "सर, मला तुमच्याकडे पीएचडी करायचीय" म्हणून उभे राहणारे पुष्कळ असतात. तुम्ही दोन पानं घेऊन जा, वर तुमचं वाक्य, खाली दावा, विरोधक, आणि वाचलेल्या चार-पाच गोष्टी. त्यांचे दोन लेख आधी वाचून जा आणि एखादी शंका विचारा. मग सरांचा प्रश्न बदलतो, "काय करून राहिली तू सध्या?" वरून "हा मुद्दा तू कुठून काढला?" वर येतो. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना पण गाठा, कॅन्टीनमध्ये चहा पाजा, आणि एवढंच विचारा की लिहिलेलं प्रकरण परत किती दिवसांत मिळतं. नावाजलेले पण सहा-सहा महिने पान न उलटणारे गाईड असण्यापेक्षा कमी नावाचे पण तुमच्या मसुद्यावर पेन्सिल चालवणारे केव्हाही बरे.

आराखड्यात प्रकरणांची नावं सजवत बसू नका. प्रश्न, आजवर कोणी काय उत्तर दिलं, ते कुठं अपुरं पडतं, तुम्ही काय म्हणणार आणि कुठल्या मजकुराच्या आधारे, इतकं स्पष्ट असलं की समितीसमोर पाय लटपटत नाहीत. 'पद्धती' या मथळ्याखाली समाजशास्त्राच्या पुस्तकातून नमुना-निवड आणि प्रश्नावली उचलून आणू नका, लोकांकडे जाणारच नसाल तर. संकल्पना-विश्लेषण, मूळ संहितेचं वाचन, युक्तिवादांची तुलना ही पूर्ण वाढलेली पद्धती आहे, ती कशी करणार ते तुमच्या वाक्यावर दोन परिच्छेदांत करून दाखवा.

पैशाचं काय

घरच्यांना हा प्रश्न पहिला पडतो आणि तो रास्त आहे. जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढं एसआरएफला, म्हणजे सीनियर फेलोशिपला, ४२,००० रुपये, १ जानेवारी २०२३ पासूनचे दर हे, घरभाडं वेगळं. तत्त्वज्ञानासाठी भारतीय तत्त्वज्ञान संशोधन परिषद म्हणजे आयसीपीआर स्वतंत्र फेलोशिप देते, हे आपल्याकडच्या अनेकांना ठाऊकच नसतं. राज्यात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी-भटके विमुक्त-विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती, आणि महाज्योतीचं मुख्य ऑफिस तर नागपुरातच आहे. जातवैधता, नॉन-क्रीमी लेयर, नोंदणीचं पत्र ही कागदं जाहिरात यायच्या आधी काढून ठेवा, शेवटच्या आठवड्यात सेतू केंद्रावर रांग लावणाऱ्यांचं काय होतं ते विचारू नका. आणि पैसे वेळेवर येतीलच असं धरून भाड्याची खोली घेऊ नका, चार-सहा महिन्यांची सोय हाताशी असू द्या.

माणसांशी बोलणार असाल तर

वॉर्डात, विहारात, दर्ग्यात, गोंड वस्तीत जाणार असाल तर संमती घ्या, आणि सहीचा कागद पुढं केला की संमती झाली असं नाही. आधी दोन वेळा नुसतं जा, बसा, काम काय आहे ते त्यांच्या भाषेत सांगा, आणि नको म्हटलं तर तसंच उठून या. नावं बदला. नुसतं नाव बदलून भागत नाही, लहान गावात 'अंगणवाडीतल्या ताई' म्हटलं तरी सगळ्यांना कळतं. दुःखात असलेल्या माणसाकडून चांगलं अवतरण मिळालं म्हणून आनंद होतो, मला झालाय तसा, त्या क्षणी वही बंद करायला शिका. नीतिशास्त्राच्या प्रबंधासाठी माणसाला दुखावून आलो तर त्या प्रबंधाला काय अर्थ.

लिहिणं

मराठीत लिहायचं की इंग्रजीत? विद्यापीठ परवानगी देत असेल आणि तुमचं वाक्य मराठी असेल तर मराठीत लिहा असं माझं ठाम मत आहे. 'मानणे'वरचा युक्तिवाद इंग्रजीत लिहिला तर अर्धा जीव जातो त्याचा. पण इंग्रजी वाचन सुटता कामा नये, आणि एखादा पेपर इंग्रजीत पण लिहा म्हणजे बाहेरचे तुम्हाला उत्तर देऊ शकतील. पारिभाषिक शब्दांसाठी भाषा संचालनालयाचा तत्त्वज्ञान व तर्कशास्त्र परिभाषा कोश जवळ ठेवा, मराठी तत्त्वज्ञान महाकोशही ग्रंथालयात बघा, आणि एकदा जो शब्द घेतला तो शेवटपर्यंत तोच ठेवा. एका पानावर श्रद्धा, दुसऱ्यावर विश्वास, तिसऱ्यावर समजूत असं झालं की परीक्षकाला वाटतं तुम्हालाच नक्की माहीत नाही. सुरुवातीलाच शब्दांची एक यादी करून भिंतीला चिकटवा.

टायपिंग पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच करा. मी दोन प्रकरणं बाहेरून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतली होती, नंतर बदलताना सगळी जोडाक्षरं फुटली, 'प्रज्ञा'चं काय-काय झालं होतं ते आठवलं तरी पोटात खड्डा पडतो, मे महिन्याच्या पंचेचाळीस डिग्रीत कूलरसमोर बसून अडीचशे पानं हातानं दुरुस्त केली. संदर्भांसाठी झोटेरो वापरा, फुकट आहे, देवनागरी नीट घेतं. फाईलच्या नावात तारीख टाका आणि रोज रात्री स्वतःला मेल करा.

वाङ्मयचौर्याचे नियम २०१८ चे आहेत, १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढं पायऱ्या-पायऱ्यांनी कारवाई, ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. पण सॉफ्टवेअरच्या आकड्याची भीती बाळगून शब्द उलटेपालटे करू नका. इंग्रजी लेख मराठीत उतरवला आणि मशीनला सापडला नाही तरी ती चोरीच. टिपण काढतानाच अवतरण चिन्ह घालायची सवय लावा, सहा महिन्यांनी आपलं वाक्य कोणतं आणि लेखकाचं कोणतं हे आपल्यालाच ओळखू येत नाही.

पेपर छापण्याबद्दल: २०२२ च्या नियमांत प्रबंध द्यायच्या आधी पेपर छापलाच पाहिजे अशी सक्ती राहिलेली नाही, तुमच्या विद्यापीठाची अट असेल तर ती वेगळी, आणि मान्य नियतकालिकांची युजीसी-केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली. त्यामुळे 'दोन हजार भरा, आठ दिवसांत पेपर' अशा मेसेजला तर आता अजिबात बळी पडू नका. एकच लिहा पण जिथं दुसरा वाचक तो खरंच तपासतो तिथं पाठवा. नकार आला आणि सोबत दोन पानांची टीका आली तर ती जपून ठेवा, ती फुकट मिळालेली शिकवणी आहे.

दर महिन्याला पाच पानं कोणालातरी वाचून दाखवा. वाचून, मेल करून नाही. मी माझ्या वडिलांना वाचून दाखवायची, ते रेल्वेतून रिटायर झालेले, तत्त्वज्ञान कधी शिकले नव्हते, पण "थांब, आधी तर तू उलटं म्हणाली होतीस" हे वाक्य त्यांच्याइतकं अचूक मला कोणी ऐकवलं नाही.

शेवटचा टप्पा

प्रबंध देण्याआधी सल्लागार समितीसमोर सादरीकरण होतं. मग गाईडशिवाय निदान दोन बाहेरचे परीक्षक वाचतात आणि त्यांचे अहवाल आले की खुली मौखिक परीक्षा. मौखिकला सगळ्या प्रकरणांचा सारांश पाठ करून जाऊ नका. परीक्षकांच्या अहवालातले प्रश्न घ्या, प्रत्येकाचं उत्तर प्रबंधात कोणत्या पानावर आहे तिथं रंगीत पट्टी चिकटवा, आणि ज्याचं उत्तर प्रबंधात नाही ते सरळ नाही म्हणून सांगायची तयारी ठेवा, का नाही ते पण. माझ्या वेळी परीक्षकांनी विचारलं की तुमचा सगळ्यात मजबूत विरोधक कोण आणि त्याला तुम्ही अजून कुठं उत्तर देऊ शकला नाहीत? मी एक पान उघडून तो परिच्छेद वाचून दाखवला आणि म्हटलं, इथं. त्यावर पंचवीस मिनिटं बोलणं झालं आणि बाकीचे प्रश्न राहूनच गेले.

खुली परीक्षा आहे, घरच्यांना बोलवा. ज्यांच्याकडून वाक्य मिळालं त्यांना पण बोलवा. त्यानंतर सुचवलेल्या दुरुस्त्या करून सॉफ्ट कॉपी ग्रंथालयात द्यायची, ती शोधगंगेवर चढते. चढली की स्वतः उघडून बघा, पानं सरळ आहेत का, जोडाक्षरं नीट दिसतात का, आणि शोधपेटीत तुमचा मुख्य शब्द मराठीत टाकल्यावर प्रबंध सापडतो का.